शून्यकाका

"मूठ आवळा, काका. आणि असं टक लावून बघू नका, माझा हात थरथरतो."

"तुझ्याकडे कोण बघतंय? सुईकडे बघतोय. वाकडी धरलीयेस."

"काही वाकडी नाही!" म्हणता म्हणता घाईबाईनं सुई शिरेत घातलीसुद्धा, आणि काकांचं रक्त नळीत उतरायला लागलं. काकांनी समाधानानं मान हलवली. सुई अजिबात वाकडी नव्हती. पण घाईबाईला एकदम चांगलं म्हणायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

हे नावही त्यांनीच ठेवलेलं. मुलगी शाळेतून सुटायच्या आत तिला घर गाठायचं असायचं, म्हणून तिचं बोलणं, चालणं, डबा खाणं सगळंच धावतपळत. काकांचं नाव मात्र विभागाच्या आधीच्या प्रमुख डॉक्टरांनी ठेवलं होतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या या रक्ततपासणी विभागात कुठलीही नवी चाचणी आली, की आधी निरोगी रक्त लागायचं. ते बाहेरून कुठून आणणार? विभागातल्याच माणसांनी पाळीपाळीनं बाही वर करायची, अशी रीत पडून गेली होती. त्यात काकांचं रक्त दर वेळी इतकं स्वच्छ निघायचं की डॉक्टर म्हणाले, "यंत्राला शून्य म्हणजे काय ते शिकवायचं असेल तर यांची नळी लावा." तेव्हापासून ते शून्यकाका. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय नवीन? डोक्याबद्दल मी हे केव्हापासून सांगतेय." पण शेजारीपाजारी हीच बाई कौतुकानं सांगत फिरायची की आमच्या यांचं रक्त नमुन्याला ठेवलंय.

या खेपेची चाचणी मोठी होती. हाडांच्या मगजात वाढणारा एक कर्करोग असतो. उपचारांनंतर तो किती उरलाय हे बघायला दर वेळी रुग्णाला पालथं झोपवून कमरेच्या हाडात जाड सुई घालावी लागे. शाळेतल्या एक निवृत्त बाई त्यासाठी नेमानं येत. रुमाल दातांत धरून झोपत, आणि उठल्यावर घाम पुसत विभागाच्या खिडकीशी येऊन विचारत, "तुमचं ते नवीन कधी सुरू होणार हो?" नवीन म्हणजे हेच. रोगाच्या चुकार पेशी हाडातून रक्तात उतरतात. फार थोड्या, धान्याच्या कोठारात दोन-चार खडे असावेत तशा. त्या जर दंडातल्या साध्या रक्तात सापडल्या, तर हाडाला हात लावायचं कारणच नाही. यंत्र पेशींना एकामागून एक रांगेत सोडतं, प्रत्येकीवर प्रकाशाची तिरीप टाकतं आणि तिचा रंग बघून पडद्यावर तिचा एक ठिपका काढतं. दहा लाख पेशी, दहा लाख ठिपके. त्यातले रोगाचे ठिपके पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आखलेल्या एका चौकोनात येऊन पडतात.

पण माणसांवर वापरण्याआधी चाचणीचीच चाचणी घ्यायची असते. वीस निरोगी माणसांचं रक्त लावायचं आणि काहीच नसताना त्या चौकोनात किती ठिपके उगीच पडतात ते बघायचं. त्याला गोंगाट म्हणत. त्या गोंगाटाच्या जरा वर एक रेघ मारायची. ठिपक्यांचा आकडा रेघेच्या वर असेल तर पेशी सापडल्या, खाली असेल तर सापडल्या नाहीत. मग रोग्याचं रक्त निरोगी रक्तात थेंबाथेंबानं पातळ करत जायचं आणि यंत्राला ते कुठपर्यंत ओळखू येतं ते पाहायचं.

त्या वीस माणसांतले पहिले अर्थातच काका. घाईबाईनं त्यांची नळी तयार करून यंत्राला लावली, आणि काका पाठ चोळत खुर्चीत टेकले. बरेच दिवस पाठ दुखत होती. जन्मभर या खुर्चीत बसल्यावर दुसरं काय होणार, असं तेच सगळ्यांना सांगत.

पडदा ठिपक्यांनी भरत गेला. काकांचं लक्ष सवयीनं वरच्या चौकोनाकडे होतं, आणि तो रिकामा राहीना. चुकार ठिपके इकडेतिकडे विखुरलेले असतात, हे तसे नव्हते. हे एकमेकांना चिकटून बसले होते, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या घरच्या माणसांसारखे.

"याच्या आधी कुणाची नळी लावली होतीस?" काकांनी विचारलं.

"वॉर्डातल्या पेशंटची."

"त्याच रोगाच्या?"

"हो."

"आणि मधे यंत्र धुतलंस?"

"धुतलं."

"पूर्ण?"

"काका, धुतलं म्हणते ना!"

"धुतलं असतंस तर त्याचा उष्टा माल माझ्या नळीत आला असता का?" काकांचा आवाज चढला. तसे ते चिडत नसत, पण शून्याला धक्का लागला होता. "शंभरदा सांगितलं, आधीची नळी रोगानं भरलेली असेल तर दोनदा धुवायचं. एवढीच घाई असेल तर घरी बसावं माणसानं. इथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

विभागातली सगळी माणसं बघायला लागली. घाईबाईचा चेहरा उतरला. ती पर्स उचलून मुलीला आणायला निघून गेली. आज तिला खरोखरच उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन वर गेल्यावर काका यंत्रापाशी आले. घाईबाईला दाखवून द्यायचं होतं, बघ, धुतल्यावर कसं लख्ख येतं ते. त्यांनी यंत्र स्वतःच्या हातानं धुतलं, मग परत धुतलं. आपल्या दंडात आपणच सुई घातली. ही कसरत त्यांना तरुणपणापासून जमे. रंगाची नवी बाटली फोडली. आधी नुसतं पाणी लावलं. चौकोन कोरा. यंत्रात मागचं काही उरलेलं नव्हतं. मग स्वतःची नळी लावली.

ठिपके पुन्हा तिथेच येऊन बसले. तीच जागा, तशीच दाटी.

काकांनी विभागाच्या प्रमुख मॅडमच्या काल काढलेल्या रक्ताची नळी लावली. चौकोन कोरा. शिपायाची लावली. कोरा. परत आपली लावली, आणि या वेळी त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. खिडकीबाहेर सायकली लावलेल्या होत्या, त्याच बघत बसले. यंत्राची घरघर थांबली तेव्हा मान वळवावी लागली.

ही दाटी त्यांनी हाडातून काढलेल्या नमुन्यांत असंख्य वेळा पाहिली होती. आईबापांना लेकराचं बोट ओळखू यावं तशी ती त्यांना ओळखू यायची. लोकांच्या नमुन्यात ती सापडली की ते आनंदानं ओरडायचे, "सापडली!" त्यांना त्या आनंदाची आज पहिल्यांदाच लाज वाटली. पाठीतली कळ खालून वर सरकत गेली. खुर्चीचा काही संबंध नव्हता तर. त्यांनी नळ्या टाकून दिल्या, टेबल पुसलं आणि डबा न उघडताच कपाटात ठेवून दिला.

संध्याकाळी घरी बायको हातात दोरी घेऊन ओट्यासमोर उभी होती.

"अहो, हे टोक धरा जरा. गवंडी म्हणाला माप घेऊन ठेवा."

निवृत्तीनंतर स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायची, असं त्यांचं कधीपासून ठरलं होतं. सध्याची खिडकी हातभर होती, भर दुपारी दिवा लावावा लागे. काकांनी दोरीचं टोक भिंतीला टेकवलं. हात वर करताना पाठीत चमक निघाली आणि तोंडातून आवाज आला.

"आणि म्हणे डॉक्टरकडे नको! दवाखान्यात राहून पाठ दाखवायला यांना वेळ नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"दाखवीन."

"काय झालंय? तोंड का असं?"

"काही नाही. घाईबाईला बोललो काल. नको होतं बोलायला."

"मग माफी मागा. जीभ झिजत नाही त्यानं." बायकोनं दोरीला गाठ मारली. "एवढी करू या खिडकी. बाहेरचं झाड सगळं दिसेल. तुम्ही इथे चहा घेत बसा, मी पोळ्या लाटीन. कंटाळा आला तर मला शून्य शिकवा."

ती हसली. काकाही हसले, कारण हसले नसते तर तिला कळलं असतं. रात्री तिनं पाठीला तेल लावलं. तिचे अंगठे मणक्यावरून फिरत होते, आणि काका उशीत तोंड खुपसून पडले होते. सांगून टाकावं असं जिभेवर येत होतं. सांगितलं की ते खरं होईल, अशी बालिश भीती वाटत होती. ते भ्यायले होते, यात शंका नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. त्या वयानं काकांच्या मुलीएवढ्या, पण कामात चोख आणि तोंडाच्या गोड. वीसही निरोगी माणसांचे आकडे त्यांच्यासमोर होते.

"काका, बसा. रेघ फार वर चाललीय. एकोणीस जण ठीक आहेत. एकच आकडा सगळी रेघ ओढून वर नेतोय. तुमचा."

"हं."

"यंत्र नीट धुतलं नव्हतं, असं तुम्ही त्या दिवशी म्हणालात म्हणे. तसं असेल तर मी तो आकडा काढते. पण कारण लिहावं लागेल, आणि तिचं नाव. तिच्याकडून हे दुसऱ्यांदा होतंय. मागच्या वेळी मी सांभाळून घेतलं. आता वर कळवावं लागेल, आणि तिचं कंत्राट याच महिन्यात संपतंय."

"आणि कारणच लिहिलं नाही तर?"

"तर आकडा राहील. निरोगी माणसाचा आकडा आपल्याला आवडला नाही म्हणून काढता येत नाही. रेघ वर जाईल. थोड्या पेशी असलेले सगळे रेघेच्या खाली राहतील. त्यांना आपण सांगणार, सापडल्या नाहीत, घरी जा."

"शाळेतल्या बाईंनासुद्धा?"

"त्यांना तर नक्कीच. त्यांच्या थोड्याच असतात."

मोह काय असतो ते काकांना त्या खुर्चीत कळलं. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की रेघ वर जाणार होती, आणि आपण, आपली ती सगळी दाटी घेऊन, रेघेखालच्या निरोगी माणसांत बसणार होतो. बायकोला काही सांगायला नको. पुन्हा शून्य. नाहीतर एकदा नुसती मान हलवायची, धुतलं नव्हतं म्हणून, की सगळं त्या पोरीच्या माथी. तिला दुसरं काम मिळेल. तरुण आहे. त्यांनी खरंच मान हलवायला घेतली होती. तेवढ्यात काचेपलीकडे घाईबाई दिसली. ती यंत्र धूत होती. एकदा धुऊन झाल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि परत धुवायला घेतलं. आता ती प्रत्येक नळीनंतर दोनदा धूत होती, गरज नसली तरी.

"तिनं धुतलं होतं, मॅडम."

"पण तुम्हीच तर..."

"मी चुकीचं बोललो. मी परत लावून पाहिलं, सुट्टीत. मधे पाणी लावलं. पाणी कोरं आलं. तुमची नळी कोरी आली. माझी नाही आली."

मॅडमनी काकांचा पडदा उघडला आणि चौकोन मोठा करून पाहिला. आकड्यात जे कळलं नव्हतं ते आता दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच धरून ठेवला.

"तुमची पाठ दुखते ना, काका?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुखते."

"या चाचणीवरून मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. ती अजून मंजूर नाही. तुम्हाला हाडातूनच..."

"माहीत आहे. ते नंतर बघू. आधी कारण लिहा." काकांनी टेबलावरचं पेन मॅडमकडे सरकवलं. "रक्त देणारा निरोगी नाही, असं लिहा. माझा आकडा काढून टाका आणि दुसऱ्या कुणाचं तरी घ्या. रेघ खालीच राहू दे."

मॅडम लिहायला लागल्या. दोन शब्द लिहून थांबल्या, आणि परत लिहायला लागल्या. काका उठून बाहेर आले.

घाईबाईपुढे ते उभे राहिले तेव्हा काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "अगं, तू धुतलं होतंस," ते म्हणाले. "त्या दिवशी. मी उगीच बोललो सगळ्यांसमोर. माफ कर."

ती क्षणभर खूश झाली. मग तिला त्याचा अर्थ कळला, आणि तिनं यंत्राच्या कडेला हात टेकला.

"नसतं धुतलं तर बरं झालं असतं हो, काका," ती म्हणाली आणि रडायला लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या नळीची वेळ झाली होती, म्हणून मग दोघंही कामाला लागले.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. काका पालथे झोपले, कमरेच्या हाडात सुई गेली, आणि शाळेतल्या बाई रुमाल का चावतात ते त्यांना कळलं. हाडातही तेच निघालं. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "मशीन चुकलं असेल." नंतर म्हणाली, "तुम्ही कुणाच्या घेण्यात ना देण्यात, तुम्हालाच कसं?" मग ओट्याशी पाठमोरी होऊन एकच भांडं किती तरी वेळ घासत राहिली. गवंड्याला यायचं नाही म्हणून कळवलं.

उपचार सुरू व्हायच्या आधी काका एकदा विभागात आले आणि घाईबाईसमोर बाही वर करून बसले.

"पातळ करायला रोग्याचं रक्त लागेल ना? घे. ताजं आहे."

"मी नाही घेणार."

"घे गं. आणि निरोगी रक्त कुणाचं घेताय?"

"माझं," ती म्हणाली.

तिच्या रक्तात काकांचं रक्त थेंबाथेंबानं पातळ होत गेलं. शंभरात एक, हजारात एक. लाखात एक पेशी उरली तेव्हाही यंत्रानं ती बरोबर ओळखली. एरवी अशा वेळी कुणीतरी टाळी वाजवून चहा मागवला असता. त्या दिवशी सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले आणि मग आपापल्या जागी गेले. चाचणी मंजूर झाली.

औषधांनी काका निम्मे झाले. केस गेले, चव गेली, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. बायको प्रत्येक खेपेला बरोबर यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. उपचारांचा फेरा संपला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पेशी उरल्या नसतील तर बरीच वर्षं मिळतील. उरल्या असतील तर रोग परत येणार, आणि तोही लवकर. त्याहून जोरकस औषध मग उरलेलं नव्हतं.

आज ते बघायचं होतं. बाकावर शाळेतल्या बाईही होत्या; त्यांचं नुकतंच दंडातून रक्त घेऊन झालं होतं आणि त्या बायकोला सांगत होत्या, "काही कळलंसुद्धा नाही हो. मुंगी चावल्यासारखं." काका काचेच्या आत गेले. घाईबाईनं नळी लावलेली होती. दोनदा धुऊन.

"तुम्ही बाहेर थांबा, काका. मॅडम सांगतील."

"इतकी वर्षं आतच होतो. सरक."

पडदा भरत गेला. वरचा चौकोन बराच वेळ कोरा राहिला. मग एक ठिपका पडला. थोड्या वेळानं त्याच्याशेजारी दुसरा, आणि मग आणखी काही, सगळे जवळजवळ. थोडे होते, अगदी थोडे. रेघेच्या जरासेच वर. ती रेघ त्या दिवशी चढू दिली असती, तर हे सगळे तिच्या खाली आले असते आणि कागदावर उमटलं असतं, सापडल्या नाहीत.

"मी परत लावते," घाईबाई म्हणाली. "परत धुते आणि लावते."

"नको. धुतलंयस तू."

तिनं त्यांच्या दंडावरचा कापूस काढला, टाकून दिला, दुसरा लावला. पहिला काही भिजलेला नव्हता. काका उठले. दारापाशी थांबून त्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं आणि बाहेर आले.

बायको उभीच होती. शाळेतल्या बाई गेल्या होत्या.

"काय निघालं?" तिनं विचारलं. "शून्य ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात त्यांची पिशवी होती आणि पाण्याची बाटली.

"यंत्र छान चाललंय," ते म्हणाले.

तिला कळलं. तिनं बाटली पिशवीत ठेवली, त्यांची वर केलेली बाही हळूहळू खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावून दिलं.